मापाड्याचा अर्ज

(7 नोव्हेंबर, मेरी क्यूरी यांचा जन्मदिवस, 'आंतरराष्ट्रीय वैद्यकीय भौतिकशास्त्र दिन' म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त पुण्यात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'रेडिएशन थेरपीतल्या रेसिडेन्सीसाठी अर्ज कसा करावा'. त्याकडे, म्हणजे शिक्षणानंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाकडे, मी येणार आहे. पण गेली काही वर्षं एक गोष्ट मनात साठून राहिलीय, आणि या वाटेला लागलेली एवढी मुलंमुली एका खोलीत पुन्हा कधी भेटतील सांगता येत नाही. म्हणून आधी ती.

तुम्ही घरी सांगितलंत की मेडिकल फिजिक्स करतोय, तर पहिला प्रश्न काय येतो? बरोबर, 'म्हणजे डॉक्टर होणार का?' आणि दुसरा, 'मग एक्स-रे काढणार का?' (हशा) माझ्या आजीनं दोन्ही विचारले होते. माझे आजोबा लोणंदच्या बाजारात कांदा घेऊन जायचे, त्यामुळे आजीचं निम्मं बोलणं बाजाराचं. मी तिला सांगितलं, आजी, कॅन्सरच्या पेशंटला लाईट देतात ना, तो किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. मशीनमधून तेवढाच येतोय का, ते मी बघते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'म्हणजे मापाडी.'

आमच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मी पुढे कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. मापाडी माल विकत नाही, विकतही घेत नाही. तो काट्यापाशी उभा असतो. शेतकरी आणि व्यापारी दोघांचा त्याच्या शब्दावर भरवसा असतो, आणि त्याच्या मापात पाप असेल तर सगळा बाजारच खोटा. आमच्या बाजारात तर एका बाजूला बोलू न शकणारा माल आहे. ग्रे हे आमचं डोसचं माप. पेशंटला दोन ग्रे मिळाले की 2.12, हे त्याला त्या दिवशी कळत नाही. महिन्यांनी, वर्षांनी कळतं, आणि तेव्हा परत फिरता येत नाही.

आता मुद्दा. आमच्या विभागात दर वर्षी इंटर्नच्या जागांसाठी अर्ज येतात. मी ते सगळे वाचते, अगदी रात्री घरी नेऊन वाचते. जवळजवळ प्रत्येकात गुण असतात, सेमिनार असतात, प्लॅनिंग सिस्टिमची नावं असतात, आणि 'मी मेहनती असून संघभावनेनं काम करतो' हे असतं. मापाविषयी एक ओळ नसते. मापाड्याच्या जागेसाठी अर्ज आलाय आणि या माणसानं आयुष्यात काय मोजलं ते त्यात नाही! म्हणून मी मुलाखतीत एकच प्रश्न आधी विचारते. तू स्वतःच्या हातानं मोजलेली एक गोष्ट सांग, आणि ते माप बरोबर होतं हे तुला कशावरून कळलं ते सांग.

काही वर्षांपूर्वी विदर्भातली एक मुलगी आली होती. गुण मध्यम. बोलताना आवाज इतका बारीक की मला खुर्ची पुढे घ्यावी लागली. तिला हा प्रश्न विचारला, तर म्हणाली, 'मॅडम, मी एकदा चुकले होते, ते सांगितलं तर चालेल का?' मी म्हटलं, तेच सांग.

ती प्रशिक्षणासाठी पुण्यातल्याच एका विभागात होती. तिथल्या फिजिसिस्टनं तिला लिनॅकचं, म्हणजे लाईट देणाऱ्या मशीनचं, आउटपुट घ्यायला, म्हणजे त्यातून किती डोस येतो ते मोजायला, सोबत उभं केलं. वॉटर फँटम म्हणजे पाण्याची टाकी, तीत किरण मोजणारं फार्मर चेंबर, त्याचं रीडिंग दाखवणारा इलेक्ट्रोमीटर, सगळं टीआरएस-398 या आंतरराष्ट्रीय मोजमाप-संहितेप्रमाणे. आता तुम्हाला माहीत आहे, ते चेंबर बाहेरच्या हवेला उघडं असतं. आत 0.6 सीसी हवा, आणि त्या हवेत रेणू किती आहेत त्यावर रीडिंग ठरतं. हवा विरळ तर रीडिंग कमी. म्हणून तापमान आणि दाब घेऊन केटीपी, म्हणजे रीडिंगला गुणायचा दुरुस्तीचा आकडा, काढायचा, 20 अंश आणि 1013.25 हेक्टोपास्कल धरून. तापमान तिनं फँटममधल्या पाण्याचं घेतलं, 22 अंश. दाबासाठी बॅरोमीटर शेजारच्या खोलीत होता, त्या खोलीला कुलूप. मग तिनं मोबाइल काढला. हवामानाच्या ॲपवर लिहिलं होतं 1010. तिनं तो आकडा घातला, केटीपी आला 1.01, आणि मशीनचं आउटपुट निघालं सहा टक्के कमी.

इथं थांबा. तुमच्यातल्या किती जणांनी हेच केलं असतं? हात वर करू नका, मनात उत्तर द्या.

(थोडा वेळ शांतता)

मोबाइलवरचा तो दाब पुण्याचा नसतोच. हवामानखातं नकाशावर ठिकठिकाणचे दाब एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून ते समुद्रसपाटीला आणून सांगतं. म्हणजे पुणे जर समुद्राच्या काठावर असतं तर इथं किती दाब असता, तो आकडा. त्यांच्या कामासाठी तो अगदी बरोबर आहे, आपल्या कामासाठी नाही. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर. इथं चेंबरमध्ये शिरणाऱ्या हवेचा खरा दाब 948 च्या आसपास असतो, आणि केटीपी 1.07 च्या वर जातो. मुंबईत शिकलेल्या मुलाला हा फरक कधी दिसत नाही, कारण तिथं केटीपी एकाच्या आसपासच घुटमळतो. आणि तोच मुलगा नोकरीला घाट चढून वर येतो. नागपूरही 310 मीटरवर आहे, तिथं साडेतीन टक्के जातात.

आता त्या खोट्या सहा टक्क्यांचं पुढं काय होतं बघा. आउटपुट कमी दिसतंय म्हणून कुणी मशीन 'दुरुस्त' केलं, तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला सहा टक्के जास्त. छाती, मान, मेंदू, सगळ्यांना. आयसीआरयू या किरण-मापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं 1976 सालीच सांगून ठेवलंय की ट्यूमरला मिळणारा डोस ठरवलेल्याच्या पाच टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे मोबाइलच्या एका आकड्यात ती सगळी मुभा संपली, आणि पेशंट रोज मशीनखाली नीट आडवा झाला की नाही, प्लॅन बरोबर होता की नाही, हे हिशेब अजून सुरूही व्हायचेत.

त्या मुलीनं मशीनला हात लावला नाही. तिनं वहीत मागच्या महिन्याचं पान काढलं. तिथं केटीपी 1.07 होता. ती म्हणाली, 'मॅडम, मशीन एका महिन्यात सहा टक्के हललं असेल किंवा हवा हलली असेल. मला वाटलं दोन्ही नाही, मीच हलले असेन.' मग रात्री साडेनऊला तिनं सीनिअरला फोन केला, कुलूप उघडवलं, बॅरोमीटर वाचला. आणि एवढ्यावर न थांबता होस्टेलवर जाऊन उंचीवरून दाबाचं गणित मांडून पाहिलं, तेव्हा कुठे झोपली.

मी तिला त्याच दिवशी घेतलं. आज ती माझ्याबरोबर काम करते, आणि मी सुट्टीवर असले की मला झोप लागते ती तिच्यामुळे.

हे मोठं संकट कसं होतं तेही सांगते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात 1974 ते 1976 या काळात एका कोबाल्ट मशीनवर असं घडलं. सुरुवातीचं मोजमाप बरोबर होतं. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण 1.1 टक्के शक्ती उतरते. पुढच्या महिन्यांसाठी जो उताराचा आलेख काढला तो चुकला, उतार जास्त तीव्र धरला गेला. मशीन आहे त्यापेक्षा थकलेलं समजून पेशंटला जास्त वेळ लाईट दिला गेला, आणि दर महिन्याला चूक वाढत गेली, शेवटी चाळीस टक्क्यांच्या वर. 22 महिने कुणी बीम मोजलाच नाही. 426 पेशंट. ज्या दिवशी कुणी चेंबर लावून दहा मिनिटं मोजलं असतं, त्या दिवशी ते थांबलं असतं. हा आकडा आठवला की मला अजूनही घशाशी येतं.

आणि इथंच माझी तक्रार आहे, ती मी मोकळेपणानं करणार. आपल्याकडे एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, 2011 च्या संहितेप्रमाणे मेडिकल फिजिसिस्ट व्हायला सुसज्ज रेडिओथेरपी विभागात किमान 12 महिन्यांची इंटर्नशिप लागते. नियम चांगला आहे. पण त्या बारा महिन्यांत काय व्हायला हवं, याकडे कितीतरी ठिकाणी कुणी बघत नाही. एक मुलगा आमच्याकडे नोकरीसाठी आला होता. कुठून आला ते सांगत नाही. हुशार, नम्र, घरचं कर्ज डोक्यावर. बारा महिने त्यानं संगणकावर फुप्फुसं आणि स्पायनल कॉर्ड रंगवली होती. कॉन्टूरिंग, कॉन्टूरिंग आणि कॉन्टूरिंग. विद्यावेतन नाही. शेवटी हातात एका ओळीचं प्रमाणपत्र, 'इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण केली'. चेंबर त्यानं कपाटात पाहिलं होतं. मी त्याला बॅरोमीटर वाचायला सांगितला आणि तो माझ्याकडे बघत राहिला. दोष त्याचा नव्हता. त्याला कुणी काट्यापाशी उभंच केलं नव्हतं.

म्हणून मी आग्रहानं 'रेसिडेन्सी' म्हणते. डॉक्टर रेसिडेंट असतो तेव्हा त्याच्या हातून काय काय व्हायलाच हवं याची यादी असते, कुणीतरी शेजारी उभं असतं, कुणीतरी सही करतं. आयएईए या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं 2009 मध्ये आपल्या शाखेसाठी अशीच पुस्तिका काढलीय, टीसीएस-37. विषयवार भाग, प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्या, लॉगबुक, सगळं त्यात आहे. त्यांनी किमान दोन वर्षं धरलीत, आपल्याकडे एक. ती पुस्तिका फुकट मिळते. आपल्या विभागानं ती वापरली नाही तरी तुम्ही वापरा. पुढ्यात ठेवा आणि महिन्याच्या शेवटी सरांकडे जा, 'सर, यातलं एवढं राहिलंय' म्हणा. मी पैज लावते, दहातले सात सर आनंदानं शिकवतील. त्यांनाही विचारणारं कुणी हवं असतं.

संयोजक चिठ्ठी दाखवतायत. सात मिनिटं. बरं, छापलेला विषय.

भारतात दोन वाटा. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम, जो बीएआरसीनं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रानं, 1962 पासून चालवलाय, किंवा थेट मेडिकल फिजिक्समध्ये एम.एस्सी. दोन्हीकडे बी.एस्सी.ला फिजिक्स मुख्य विषय होता का, ते प्रवेशाआधीच तपासा. इंटर्नशिप दोन्ही वाटांना आहे. त्यानंतर आरएसओची, म्हणजे किरण-सुरक्षा अधिकाऱ्याची, परीक्षा.

अर्ज एका पानाचा. गुण वरच्या चार ओळींत संपवा. उरलेल्या पानावर तीन मोजमापं लिहा. काय अपेक्षित होतं, काय आलं, फरक का पडला, कुणी पडताळलं. अजून रुग्णालयाचं तोंड पाहिलं नसेल तरी चालेल. कॉलेजच्या जीएम काउंटरवर, म्हणजे किरण मोजणाऱ्या यंत्रावर, सोर्स नसतानाचं बॅकग्राउंड किती वेळ मोजलंत आणि तेवढाच वेळ का, हे नीट लिहिलेलं मला आयएमआरटी या आधुनिक उपचारपद्धतीच्या कुठल्याही रंगीत चित्रापेक्षा जास्त सांगतं. शिफारसपत्र मोठ्या नावाकडून घेऊ नका. ज्यानं तुम्हाला उपकरणापाशी पाहिलंय त्याच्याकडून घ्या, मग तो प्रयोगशाळेतला तरुण व्याख्याता का असेना.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. याला उद्धटपणा समजणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. माझ्या लॉगबुकवर सही कोण करणार? पेशंट संपल्यावर रात्री क्यूए, म्हणजे मशीनची तपासणी, चालतं तेव्हा मी असेन का? या वर्षी नवं मशीन येतंय का, कमिशनिंग, म्हणजे पहिल्या पेशंटआधीची त्याची मोजमापं, बघायला मिळेल का? ब्रॅकीचा, म्हणजे शरीराच्या आतून लाईट देण्याचा, इरिडियम सोर्स 74 दिवसांत निम्मा होतो, म्हणून तो तीनचार महिन्यांनी बदलतात. वर्षभरात तीन वेळा तरी ती संधी येते, त्यातली एक माझ्या हातून होईल का? आणि पहिल्या दिवशी टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला किती किरण लागले ते नोंदवणारा बिल्ला, मिळेल का? बॅजशिवाय आत पाऊल टाकू नका, कितीही घाई असली तरी.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी, पटकन. तिथं 2014 पासून एबीआरच्या, म्हणजे अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिऑलॉजीच्या, परीक्षेच्या वाटेवर कॅम्पेपची, म्हणजे अभ्यासक्रम तपासणाऱ्या तिथल्या संस्थेची, मान्यता असलेली रेसिडेन्सी आवश्यक झाली. ती साधारण दोन वर्षांची. इथली एम.एस्सी. करून थेट ती मिळेल असं गृहीत धरू नका, आधी कॅम्पेपचं शिक्षण लागतं. जागा बहुतांशी 'मॅच'मधून भरतात. तुम्ही रुग्णालयांची पसंतीची यादी देता, रुग्णालयं तुमची देतात, संगणक जुळवतो. हे गणित गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्ये मांडलं, तेही लग्नं जुळवण्याचं उदाहरण घेऊन. आपल्याकडे काकू जे करतात ते. (हशा) शॅप्लींना 2012 मध्ये नोबेल मिळालं. त्यातलं कामाचं एवढंच, की यादी मनातल्या खऱ्या क्रमानं द्या. 'ते मला घेणार नाहीत' म्हणून आवडतं ठिकाण खाली ढकललंत तर नुकसान तुमचंच, फायदा काहीच नाही. आणि मॅच लागला की तो बांधील असतो, म्हणून जिथं जायचंच नाही ते नाव यादीत घालू नका. व्हिसाचं प्रत्येक रुग्णालयाला अर्जाआधी विचारा.

दुसरी चिठ्ठी आली. दाराजवळच्या टेबलावर आमच्या विभागाच्या लॉगबुकच्या कोऱ्या पानांच्या झेरॉक्स ठेवल्यात, प्रत्येकानं एक घ्या. प्रश्न बाहेर विचारा, मी साडेसातपर्यंत आहे. साडेआठला आमचं मशीन मोकळं होतं आणि आज आउटपुट घ्यायचंय. बॅरोमीटर कन्सोलच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. ज्यांनी अजून वाचलेला नाही त्यांनी माझ्याबरोबर चला, गाडीत चार जागा आहेत.