स्प्रिंग बदलली, शॉकअप तोच

(दृश्य: जॅकवर घेतलेली स्विफ्ट, पुढचं चाक काढलेलं)

चाकामागे उभा दिसतोय तो मॅकफर्सन स्ट्रट. बाहेरची स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, आतला शॉकअप त्या स्प्रिंगचं उसळणं आवरतो. शॉकअपच्या नळीत ऑइल असतं. पिस्टन वरखाली झाला की ते बारीक झडपांतून ढकललं जातं, तापतं, आणि धक्का जिरतो. गाडी खाली बसवताना, म्हणजे तिची उंची कमी करताना, बहुतेक जण फक्त स्प्रिंग बदलतात. शॉकअप कंपनीचाच राहतो, आणि आधी तोच जातो.

मूळ भानगड जागेची आहे. मॅकफर्सनमध्ये चाक जितकं वर उठतं, जवळपास तितकाच दांडा नळीत शिरतो. समजा, उभ्या गाडीत दांड्याला आत जायला 80 मिलिमीटर वाव आहे. गाडी 40 मिलिमीटर खाली केली की निम्मा वाव गाडी हलायच्या आधीच संपला. शिवाय दांड्यावर रबरी स्टॉपर ओवलेला असतो, तोही जागा खातो. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं, तर काही गाड्या स्टॉपरवर टेकूनच चालतात.

खड्डा मात्र तोच असतो. निम्म्या जागेत तोच धक्का जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागेल. लोअरिंग स्प्रिंगा बऱ्याचदा 20-30 टक्केच कडक असतात. राहिलेला धक्का स्टॉपर घेतो, तो पुरता चेपला की वरचं माउंटिंग आणि बॉडी. ‘धाड्’ असा जो आवाज येतो, तो हाच.

(दृश्य: दांड्याचा क्लोजअप)

दांड्याच्या वरच्या पट्ट्याकडे बघा. क्रोमवर खडीचे टोचे आहेत, गंजाचे ठिपके आहेत. मूळ उंचीला हा भाग नळीच्या तोंडाशी ऑइल अडवणाऱ्या सीलपर्यंत क्वचितच पोचायचा. आता प्रत्येक मोठ्या खड्ड्याला तो सीलच्या ओठातून आत-बाहेर करतो. ओठ झिजतो. आधी नळीवर ओलसर धूळ चिकटते, मग ऑइलचा ओघळ दिसतो. डस्ट कव्हर फाटलेलं असेल तर हे आणखी लवकर होतं.

कडक स्प्रिंग परततेही जोरात. ती 30 टक्क्यांनी कडक असेल, तर तितकाच आवर ठेवायला शॉकअपचा जोर साधारण 14 टक्के जास्त लागतो. नवा शॉकअप कदाचित निभावून नेईल. जुना, थकलेला नाही. त्याचं ऑइल तापून पातळ होतं, फेसाळतं, आणि गाडी एका उंचवट्यावर दोन-तीनदा डोलते.

स्प्रिंग ग्राइंडरने कापून घेणं हा तर निव्वळ वेडेपणा. सहा वेढ्यांतला एक गेला की ती सुमारे 20 टक्के कडक होते, पण कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. लांबी घटल्यामुळे चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकते. गॅसने तापवून ‘बसवलेली’ स्प्रिंग त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणीच उतरतं.

आपल्या गाडीत वाव किती उरलाय, हे एका केबल टायने कळतं. डस्ट कव्हर वर सरकवा, दांड्याभोवती टाय घट्ट बांधा आणि नळीच्या तोंडाला टेकवा. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वजनाने एक फेरी मारा. टाय जितका वर सरकला, तितका दांडा आत गेला. तो थेट स्टॉपरला जाऊन भिडला असेल तर वाव संपलाय.

आमच्या मते गाडी 20-25 मिलिमीटरपर्यंत खाली केली तर कंपनीचे चांगले शॉकअप चालून जातात. त्यापुढे आखूड नळीचे, त्या स्प्रिंगसाठीच बनवलेले शॉकअप घ्यावेत. गाडीचा तळ घासणार नाही हेही बघा: नव्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून तळापर्यंतची मोकळी जागा, 163 मिलिमीटर आहे, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 100 मिलिमीटर उंच. आपल्याकडचे गतिरोधक मापाचे किती असतात, ते सांगायला नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52सुद्धा गाडीतल्या बदलांना मर्यादा घालतं, म्हणून स्प्रिंगला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

(दृश्य: स्प्रिंग कॉम्प्रेसर लावताना)

काम करताना स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग आवळून धरायचं अवजार) दाबून ती वाटीत सैल झाल्याशिवाय वरचा नट सोडू नका, ती उसळून जीव घेऊ शकते. नट फिरवताना दांडा पकडीने धरू नका, क्रोमवर ओरखडा पडला की नवं सील पहिल्या दिवसापासून कापलं जातं. बहुतेक दांड्यांच्या टोकाला ॲलन कीचा (षटकोनी किल्लीचा) खाचा असतो, तो दांडा धरून ठेवण्यासाठीच आहे. स्टॉपर, डस्ट कव्हर आणि माउंटिंग नवीनच टाका.

खालच्या आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा) बुश-बोल्ट, म्हणजे रबरी बुशांतून जाणारे बोल्ट, चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावरच ते शेवटचे आवळा. मग व्हील अलाइनमेंट. स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून 500 किलोमीटरनंतर ती पुन्हा तपासून घ्या.