केडगावची बादली

(दृश्य: पहाट. केडगाव स्टेशन. दौंडकडे जाणारी गाडी.)

पुण्याहून दौंडची गाडी धरली, की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. भोवती ऊस, गुऱ्हाळं. स्टेशनाबाहेर नुसतं ‘मिशन कुठंय?’ विचारा. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार मुली-बायकांचा आश्रम. पुढचं सांगावं लागत नाही.

पेंटेकॉस्टल हा ख्रिस्ती पंथ. पवित्र आत्मा अंगात येतो, माणूस अनोळखी भाषांत बोलू लागतो, असं मानणारा. त्याची गोष्ट बहुतेक जण १९०६ सालच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रार्थनासभांपासून सुरू करतात. आपण एक वर्ष मागे जाऊ.

२९ जून १९०५. पहाटेचे साडेतीन. मुक्तीत मुलींच्या निजायच्या खोलीत एक जण उठून मोठमोठ्याने प्रार्थना करू लागली. दुसरीला तिच्या अंगावर आग दिसली. ती धावली, बादलीभर पाणी आणलं, ओतणार तोच कळलं, जळत काहीच नाहीये.

त्या आगीचं काय समजायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मला ती बादली खरी वाटते. आग दिसली, पाणी आणलं. दिव्य वगैरे नंतर.

दुसऱ्या दिवशी रमाबाई बायबलातलं योहानाचं शुभवर्तमान शिकवत होत्या. मुली एकदम रडू लागल्या, सगळ्या मिळून मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. बाईंना शिकवणं थांबवावं लागलं.

(दृश्य: जुने फोटो. माग, शेत, विहीर.)

कोण होत्या या मुली? कुणी बालविधवा. कुणी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या, कुणी १९००मध्ये गुजरातेतून. प्रार्थना झाली की शेत, माग, तेलाचा घाणा, छापखाना. रिकामं कुणीच नसे.

पुढे काही जणी प्रार्थनेत अन्य भाषांत, कधी न शिकलेल्या भाषांत, बोलू लागल्या. काही परदेशी मिशनऱ्यांना हा कल्ला रुचला नाही. रमाबाई स्वतः तशा बोलल्या नाहीत, पण मुलींना गप्पही केलं नाही. इथल्या माणसाने देवाला आपल्या रीतीने आळवावं, असं त्यांचं मत होतं. ब्राह्मणांशी भांडून आलेली बाई पाद्र्यांना काय भिणार!

मुक्तीतच राहणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी हे सारं एका पुस्तिकेत लिहिलं. ती चिलीत, वालपराइसो बंदरात, त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे पोचली. मैत्रिणीचे यजमान विलिस हूवर तिथे मेथडिस्ट पाळक. १९०९मध्ये त्यांच्या मंडळीतही तेच सुरू झालं, आणि चिलीतल्या पेंटेकॉस्टल चर्चचा पाया पडला. केडगावचं नाव तिथवर गेलं. आपल्याकडे मात्र पुण्यातही ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

(दृश्य: छापखान्यातले अक्षरांचे खिळे. जवळून.)

रमाबाईंनी बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. पुस्तक बाहेर पडलं १९२४मध्ये. छापखान्यात कामाला मुक्तीतल्याच बायका. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो पन्नासावा दिवस (पेंटेकॉस्ट म्हणजे तोच), त्या अग्नीच्या जिभा, सगळं त्यांच्याच हातांनी खिळ्याला खिळा लावून जुळलं.