आजीच्या इंजेक्शननंतरचा अर्धा तास

सकाळचे साडेसात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, बाहेर अजून धुकं आहे आणि आतनं चुलीचा धूर येतोय. आजी ओसरीवर बसून पोटाची चिमूट धरते, शुगरसाठीची इन्सुलिनची सुई लावते, मनात दहापर्यंत मोजते आणि मग सुई काढते. तव्यावर तांदळाची भाकरी टम्म फुगलीये, पण आजी काय ताटावर बसत नाही. "मी टोचून घेतलो की, आता अर्धा तास गप बसतो," एवढंच म्हणते. बेळगावहून कोण कुंदा घेऊन आलं तर बोटाच्या टोकाएवढा चाखते आणि डब्याचं झाकण लावून टाकते, इतकी शिस्त आमच्यापैकी कुणाला जमत नाही.

लहानपणी मला वाटायचं हा अर्धा तास म्हणजे नैवेद्य दाखवल्याशिवाय खायचं नाही तसला काहीतरी नियम असणार. कारण कळलं ते खूप उशिरा, आणि ते कळल्यापासून आजी अशी गप बसलेली दिसली की तिच्या कातडीखाली काय चाललंय तेच डोळ्यासमोर येतं.

बाटलीतलं हे साधं इन्सुलिन सुटं नसतं. सहा-सहा रेणू एकमेकांना धरून गोल बसलेले असतात आणि मधे जस्ताचे दोन आयन. आपल्या स्वादुपिंडातही ते असंच साठवलेलं असतं. हे जस्तवालं रूप जगाला पहिल्यांदा नीट दिसलं 1969 साली, ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या गटाने दाखवलं. बाईंनी इन्सुलिनच्या स्फटिकाचा एक्स-रे फोटो काढला होता 1935 च्या आसपास, म्हणजे चौतीसेक वर्षं त्या एका रेणूच्या मागे होत्या! आणि त्या गटात एम. विजयन नावाचे आपले भारतीय शास्त्रज्ञ होते, जे पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएससीत आले आणि तिथंच त्यांनी आयुष्यभर काम केलं. बंगळूर म्हणजे आपल्याच कर्नाटकात की, तरी शाळेत हे नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून इथं मुद्दाम घेतोय.

तर सहाची ही जुडी कातडीखाली हळूहळू सुटते, सहाचे दोन-दोन, दोनाचे एक-एक, आणि सुटा रेणू रक्तात उतरतो. त्याला वेळ लागतो, आजीचा अर्धा तास तो हाच. लिस्प्रो नावाच्या नवीन जलद इन्सुलिनमध्ये रेणूच्या साखळीच्या शेपटाजवळची दोन अमिनो आम्लं, म्हणजे साखळीचे मणी, अदलाबदल केलीत, त्यामुळे जुडी पटकन सुटते, ते घेणाऱ्यांना एवढं थांबावं लागत नाही. तुमचं कुठलं आहे ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सुटा रेणू म्हणजे 51 अमिनो आम्लं, दोन साखळ्या, एक 21 ची आणि एक 30 ची. पेशीच्या आत काय तो जात नाही, दारातच थांबतो, आणि दारात त्याची वाट बघत असतो रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेला, इन्सुलिनला ओळखणारा मोठा रेणू.

आता त्या रिसेप्टरचं चित्र डोळ्यासमोर आणा. स्वयंपाकघरातला चिमटा उलटा उभा केलाय असं समजा, वर जोड आणि खाली दोन पाय लांब लांब. रिसेप्टरचे दोन सारखे अर्धे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना बांधलेले आहेत, बरंचसं अंग पेशीच्या बाहेर, दोन पाय आवरणातून आत गेलेले, आणि आतल्या टोकाला एकेक एन्झाइम. हे पाय एकमेकांपासून लांब आहेत तोपर्यंत एन्झाइम गप्प. बाहेरचा हा भाग 2006 मध्ये मेलबर्नच्या गटाने पहिल्यांदा सबंध दाखवला, पण त्यात इन्सुलिन नव्हतं, दार होतं, पाहुणा नव्हता. इन्सुलिन नेमकं बसतं कुठं ते 2013 मध्ये माइक लॉरेन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं.

शाळेत आपण कुलूप-किल्ली म्हणून शिकतो ना, मला ते आता पटत नाही. कुलपात जाताना किल्ली काय वाकत नाही, पण इथं इन्सुलिन स्वतः उघडतं, 30 च्या साखळीचं शेपूट अंगाला चिकटलेलं असतं ते बाजूला होतं, आणि चोविसाव्या जागेवरचं फिनाइलॲलनिन नावाचं अमिनो आम्ल वळून रिसेप्टरच्या खोबणीत बसतं. आणि ती जागा सुद्धा एकट्या अर्ध्याची नाही, सपाट भिंत एका अर्ध्याची आणि तिच्यावर टेकलेली छोटी पिळदार दोरी दुसऱ्या अर्ध्याची, इन्सुलिन त्या दोरीला धरतं तशी दोरी जागेवरून सरकते. दोघं एकमेकांसाठी सरकून जागा करतात, एसटीत तिसऱ्यासाठी करतात तशी. हे वाचलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत तेच चित्र फिरवून फिरवून बघत बसलो होतो.

मग 2018-19 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने पुढचं दिसलं, ज्याच्यात नमुना झटकन गोठवून त्याच्या हजारो लाखो प्रतिमा एकत्र जुळवतात. इन्सुलिन बसलं की चिमटा मिटतो, डोकं वर पसरतं, पाय जवळ येतात, इंग्रजी टी अक्षरासारखा आकार होतो. इन्सुलिन भरपूर असलं तर एका रिसेप्टरवर चार-चार रेणू बसलेले दिसले. पाय जवळ आले की आतली दोन एन्झाइमं एकमेकांवर फॉस्फेट लावतात, तिथून निरोप पुढे पुढे जातो, आणि स्नायूच्या पेशीत आत ठेवलेली ग्लूट-4 नावाची साखरेची दारं वर आवरणाला येऊन लागतात, मग रक्तातलं ग्लुकोज आत.

आजीची शुगर टाइप-2, वीस वर्षांची. सुरुवातीला तिच्या अंगात इन्सुलिन होतं, दारात येतही होतं, पण आतला निरोप पुढे जाताना अडखळत होता, स्वादुपिंड जास्त जास्त बनवून बनवून दमलं आणि मग ही सुई आली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या गोड खाल्लीस म्हणून झालं, आणि आजी ते मान खाली घालून ऐकून घ्यायची. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आठ वाजले. पोटाच्या कातडीखाली जुड्या सुटायला लागल्यात, सुटे रेणू रक्तात उतरलेत, कुठंतरी पहिले चिमटे मिटले असतील. आजी घड्याळाकडे बघते आणि पाट ओढून बसते.

"वाढ बघू आता," म्हणते, "भाकरी गार झाली काय रे?"