बघणाऱ्या पोरांचं काय?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘शाळेतली दादागिरी आणि सामाजिक जबाबदारीचं शिक्षण’ असा छापलाय, आणि त्याखाली ‘उपाय’ असंही लिहिलंय. उपायांकडे मी येणारच आहे. त्याआधी जरा हात वर करा बघू. शाळेत असताना कुणीतरी चिडवून रडवलं होतं, असे किती जण? जवळजवळ सगळं सभागृह. पहिल्या रांगेतल्या सरांनी तर दोन्ही हात वर केलेत. बरं, आता ज्यांनी दुसऱ्याला रडवलं ते? तीन, चार. मागे एक काका अर्धा हात वर करून खाली घेतायत. काका, राहू द्या वर, प्रामाणिकपणाचे पाच गुण तुम्हाला. आणि हे चाललेलं असताना नुसते बघत कोण कोण होतं?

एकही हात नाही.

प्रत्येकाच्या वर्गात चाळीस-पन्नास पोरं होती. एक रडत होतं, दोघंतिघं रडवत होती. उरलेली सगळी कुठं गेली? मला आज त्या उरलेल्यांबद्दल बोलायचंय. रडवणाऱ्याला शिक्षा कशी करावी आणि रडणाऱ्याला धीर कसा द्यावा, यावर आपण शिक्षक पुष्कळ बोलतो. मधल्या चाळिसांना आपण काहीच शिकवत नाही, आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथंच ठरते.

मी सांगलीकडच्या, साखर कारखान्याजवळच्या एका शाळेत शिकवत होते. दसरा-दिवाळीला गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या यायच्या. कारखान्याच्या कडेनं खोप्या उभ्या राहायच्या. आईबाप पहाटे फडावर, कोयता आईच्याही हातात आणि बापाच्याही. मोठी मुलगी खोपीत धाकट्यांना सांभाळायची. अशा मुलांसाठी साखरशाळा काढल्या गेल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहंही झाली, तरी कितीतरी पोरं आईबापांबरोबरच येतात. त्यातलीच एक मुलगी एका वर्षी आमच्या सहावीत येऊन बसली. धाकट्या भावाला कडेवर घेऊनच यायची. त्याला बालवाडीत सोडायचं आणि मग वर्गात यायचं.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, ‘बाई, कामून लिहायचं हे दोनदा?’ वर्ग हसला. ‘का’ला ‘कामून’ म्हणतात हे आमच्या पोरांनी ऐकलेलं नव्हतं. बरं, ही हसणारी पोरं स्वतः काय पुस्तकातली मराठी बोलत होती? घरी सगळी ‘कराय लागलोय’ आणि ‘व्हय की’वाली. पण ती चाळीस होती आणि ही एकटी. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव ‘कामून’ पडलं होतं. हजेरी घेताना मी तिचं खरं नाव उच्चारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ‘कामून’ म्हणायचं आणि खसखस पिकायची.

पुढं काय झालं ते नीट ऐका, कारण ते हळूहळू झालं. कुणी तिला मारलं नाही, ढकललंही नाही. आधी नाव पडलं. मग ‘हिच्या अंगाला पाचटाचा वास येतो’ असं कुणीतरी म्हणालं. मग तिच्या बाकावरची मुलगी, ‘फळा दिसत नाही’ म्हणून पुढच्या बाकावर गेली. मग डब्याच्या गोलात तिच्यापुरती जागा होईना. शेवटी नळावर ती पाणी पिऊन गेली की पुढची मुलगी नळ धुऊन घ्यायला लागली. हे सगळं करणारी तीन-चार पोरं. बाकीची हसायची, नाहीतर वहीत डोकं घालायची.

हे मी शिक्षक खोलीत काढलं. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘टाळी एका हातानं वाजत नाही. तिनंही मिसळायला पाहिजे.’ मंडळी, या म्हणीवर माझा राग आहे आणि तो जाहीर सभेत सांगायची संधी मी सोडणार नाही. सारख्या ताकदीच्या दोघांचं भांडण असेल तर ही म्हण ठीक. एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला चार महिन्यांसाठी आलेली बारा वर्षांची पोर, तिथं ती कुठला हात पुढं करणार? स्वीडनमध्ये जन्मलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्वेयस यांनी १९७० च्या दशकात या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला. भांडण आणि छळ यांतला फरक त्यांनी तीन खुणांनी सांगितला: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा केलेलं असतं, आणि दोघांची ताकद सारखी नसते. यातली तिसरी खूण आपण विसरतो, आणि मग न्यायनिवाडा करायला बसतो.

तसा निवाडा झालाच. दोन पोरांना आणि तिला समोरासमोर उभं केलं. ‘सॉरी म्हणा, हात मिळवा, पुन्हा तक्रार येता कामा नये.’ हात मिळवले. दुसऱ्या दिवसापासून सगळं शाळेच्या मागच्या भिंतीकडे सरकलं, जिथं शिक्षक जात नाहीत. आणि ‘पुन्हा तक्रार येता कामा नये’ हे वाक्य तिनं अगदी नीट ऐकलं होतं. तिनं पुन्हा तक्रार केलीच नाही. कागदावर प्रकरण मिटलं. इथं बसलेल्या शिक्षक बंधुभगिनींना मी हात जोडून विनंती करते, छळात हात मिळवायला लावू नका. ज्याचा हात आधीच पिरगळलेला आहे, त्याच्याकडून आपण तो परत मागतो.

मग मी खो-खोच्या कप्तान मुलीला बाजूला घेतलं. वर्गात तिचा शब्द चालायचा. तिनं कधी त्या मुलीला त्रास दिला नव्हता, फक्त बघत होती. मी तिला रागावले नाही. विचारलं, ‘तुला काय वाटतं गं तिच्याबद्दल?’ ती लगेच म्हणाली, ‘वाईट वाटतं बाई. पण मी बोलले तर माझंच नाव पडेल.’ त्या वयाच्या मुलीला एवढं स्पष्ट कळत होतं. पोरांना दया नसते असं आपण म्हणतो ते खोटं आहे. दया असते, भीती जास्त असते, आणि वाईट आपल्या एकट्यालाच वाटतंय असं प्रत्येकाला वाटत असतं.

मी तिला कुणाशी भांडायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, पाणी प्यायला जाताना तिला हाक मार, तिच्या खऱ्या नावानं. आणि आणखी एकीला बरोबर घे, एकटी जाऊ नको. दुसऱ्या एका मुलाला वेगळं बोलावून सांगितलं, तू ‘कामून’ ऐकून हसायचं नाहीस, बाकी काही करू नकोस. नळ धुणं थांबलं. डब्याच्या गोलात जागा झाली. एक पोरगा शेवटपर्यंत थांबला नाही, हेही सांगते. पण त्याच्या बोलण्यावर हसायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज बसला. मार्चमध्ये हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी गेली. ती मुलगी पुढं कुठल्या शाळेत बसली, बसली की नाही, मला कळलं नाही.

हे मी माझ्या मनानं केलं होतं. नंतर वाचनात आलं की हेच पद्धतशीर तपासलेलं आहे. कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावर चित्रीकरण करून मुलांचं वागणं पाहिलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत सगळं थांबलं. दहा सेकंद! आपण चौकशी समिती नेमतो, पालकांना बोलावतो, हमीपत्र लिहून घेतो.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी वर्गातली भूमिकांची वाटणीच मांडली: छळ करणारा, त्याचे मदतनीस, हसून उत्तेजन देणारे, बाजूला राहणारे, आणि पाठीशी उभे राहणारे. त्यांनी या पायावर ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभा केला आणि २००९ पासून तो फिनलंडच्या शाळांत सर्वदूर गेला. त्यात शिक्षक वर्गात वजन असलेल्या दोघाचौघांना बोलावून, त्रास होणाऱ्या मुलाला तुम्ही कशी साथ द्याल, असं विचारतात.

कुणी म्हणेल, तिकडचं इकडं कशाला. मग आपल्याकडचंच सांगते. ७ नोव्हेंबर हा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो, कारण १९०० साली त्या तारखेला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. हार घालतो, भाषणं होतात, ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात’ असं बोललं जातं. ती परिस्थिती काय होती? वेगळं बसायचं, बसायला घरून आणलेलं गोणपाट, पाणी शिपायानं द्यायचं, तो हजर नसेल त्या दिवशी पाणी नाही. पुढं मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून वर्गातली मुलं धावली. हा काही पोरांचा खोडसाळपणा नव्हता, अस्पृश्यता होती, मोठ्यांनी शिकवलेली. पण डबे उचलायला धावले ते हात मुलांचेच होते. विद्यार्थी दिवसाला आपण पोरांना ‘तुम्ही बाबासाहेबांसारखे व्हा’ असं सांगतो. जरूर सांगावं. पण त्याच दिवशी हेही विचारावं की तू त्या वर्गात असतास तर त्या क्षणी काय केलं असतंस? मी सातवीला हा प्रश्न विचारून निबंध लिहून घेतले होते. ‘मी माझा डबा हलवला नसता’ हे वाक्य बऱ्याच वह्यांमध्ये आलं. एका मुलानं लिहिलं होतं, ‘सगळे पळाले असते तर मीपण पळालो असतो, मग घरी जाऊन वाईट वाटलं असतं.’ मी त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले.

आणि मोठ्यांनी शिकवलेलं म्हणाले ना, ते अजून चालू आहे. भर वर्गात ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असं पुकारलं जातं. पोरं मुकाट्यानं उभी राहतात आणि सबंध वर्गाला जातींचा नकाशा मिळतो. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी शाळांत आलेल्या मुलांना ‘पंचवीस टक्केवाले’ म्हणतात, आणि हा शब्द पोरांनी शोधलेला नाही, तो कार्यालयातून वर्गात आला. कितीतरी मुलांची टोपणनावं शिक्षकांनीच पाडलेली असतात. २००९ च्या त्याच कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी बऱ्याच शाळांतून गेली. जीभ राहिली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. पत्रिकेत छापलेले उपाय अजून तसेच आहेत, तेव्हा भरभर सांगते.

रोज परिपाठाला मुलं प्रतिज्ञा म्हणतात. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली. ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ हे तिच्यातलं वचन मला फार मोलाचं वाटतं. पण कवायतीत आपण ‘सावधान’ नुसतं पाठ करून घेत नाही, पायाची टाच कुठं ठेवायची ते रोज करून दाखवतो. सौजन्याचाही तसा सराव घ्या. पाचवी ते आठवी, आठवड्याला एक तास, प्रसंग उभे करून. चिडवलेल्याला हाक कशी मारायची, हसू आलं तरी मान कशी वळवायची, ‘चल, खेळायला ये’ हे कसं म्हणायचं. आम्हाला वेळ नाही असं म्हणू नका, घोषवाक्य आणि पोस्टर स्पर्धांना वेळ मिळतो.

दुसरं, चुगली आणि सांगणं यांतला फरक शिकवा. कुणाला अडकवायला सांगितलं तर चुगली, कुणाला सोडवायला सांगितलं तर मदत. दुसरीतल्या मुलालाही कळतं. आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव वर्गात फोडू नका. आठ दिवसांनी त्याला गुपचूप विचारा, आता कसं आहे? तक्रारपेटी भिंतीवर आहे, पण ती उघडते कोण आणि कधी, हे मुलांना माहीत असलं पाहिजे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गात लिहिलेला हवा.

तिसरं, मोठ्या वर्गांना कायदा सांगा. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा. गावानं एखाद्या घराला वाळीत टाकणं हा आज गुन्हा आहे, आणि डब्याच्या गोलातून एकीला बाहेर ठेवताना पोरं त्याचाच सराव करत असतात. नववीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला यावर चर्चा घ्या, पोरं कशी तुटून पडतात बघा.

चौथं, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. एकाला वगळून दुसरा ग्रुप काढतात, फोटोवर शेरे मारतात. तिथंही बघे आहेतच, चाळीस निळ्या खुणा असतात. यावर मला अजून बरंच सांगायचं होतं, पण वेळ संपली. मघाशी चौथ्या रांगेतल्या एका आईंनी मुलाच्या मोबाईलबद्दल काही विचारायला हात वर केला होता, मी बोलण्याच्या भरात थांबले नाही. त्यांचा प्रश्न आधी घेऊया.