मर्फी, पण कुठले?

(दृश्य: डब्लिन. लिफी नदीचा काठ. पलीकडे फोर कोर्ट्‌सचा हिरवट घुमट.)

३० जून १९२२. आयर्लंडमधल्या यादवीचा तिसरा दिवस. नदीकाठच्या या न्यायालयात ब्रिटनशी झालेल्या तहाला विरोध करणारे सैनिक एप्रिलपासून ठाण मांडून बसलेत आणि नव्या सरकारच्या तोफा त्यांच्यावर धडधडताहेत. त्याच आवारात देशाचा दप्तरखाना आहे. दुपारी स्फोट होतो, आग लागते, आणि शतकानुशतकांची मृत्युपत्रं, जनगणनेची बाडं, चर्चच्या नोंदवह्या धुरात जातात. अर्धवट जळालेले कागद त्या दिवशी शहरभर उडत होते.

तेव्हापासून आयरिश पूर्वजांचा शोध घ्यायला निघालेल्या माणसाला आधी हेच ऐकवलं जातं: सगळं जळालं!

सगळं जळालेलं नाही. आणि जे गेलं त्याचं खापरही एकट्या आगीवर फोडता येत नाही. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे थोडेसे तुकडे सोडले, तर बाकीचं खरंच जळालं. पण १८६१ आणि १८७१ची मूळ पत्रकं सरकारनंच आकडे काढून झाल्यावर नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेली. आठ जनगणना, चार आगीनं नेल्या, चार कारकुनीनं.

(दृश्य: पावसाळी कुरणं, दगडी बांध, लांबवर दोन घरं.)

आता आधी एक अडचण. आपले वराडकर घ्या. डब्लिनमध्ये जन्मलेले लिओ वराडकर पंतप्रधान झाले, आणि २०१९च्या डिसेंबरात मालवण तालुक्यातल्या वराडला येऊन गेले. आडनावातच गावाचा पत्ता होता. मर्फी म्हटल्यावर मात्र काहीच कळत नाही. आयर्लंडमधलं ते सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, आणि १८४५नंतरच्या मोठ्या दुष्काळात बोटीवर चढलेल्या कितीतरी माणसांच्या परदेशातल्या कागदांवर गावाच्या जागी एकच शब्द: आयर्लंड. फार तर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव.

शोधायचं असतं ते टाउनलँड. आपल्या वाडीसारखा, जमिनीचा सगळ्यात लहान नाव असलेला तुकडा. अख्ख्या बेटावर असे साठ हजारांहून अधिक आहेत. टाउनलँड हाती लागलं की पुढचं दप्तर बोलायला लागतं. नाही लागलं, तर शंभर पॅट्रिक मर्फींमधला आपला कोणता, हे कोणीही सांगू शकत नाही.

१ जानेवारी १८६४पासून जन्म, मृत्यू आणि विवाहाची सरकारी नोंद सगळ्यांसाठी सुरू झाली. तिथपर्यंत वाट त्या मानानं सोपी. १९०१ आणि १९११च्या जनगणना पूर्ण शिल्लक आहेत आणि घरबसल्या, फुकट बघता येतात.

(दृश्य: पडद्यावर १९११चं पत्रक. कॅमेरा हळूहळू उजवीकडे सरकतो.)

हे पत्रक कुटुंबप्रमुखानं भरायचं. नाव, वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, आयरिश बोलता येतं का. सही येत नसेल तिथं फुलीची खूण. १९११ला विवाहित बाईसाठी जास्तीचे रकाने आले: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यातली हयात किती. एका ओळीत अकरा आणि सात असे आकडे दिसले, की मधल्या चार मुलांसाठी मृत्यूच्या नोंदी चाळायला बसायचं. विधवांनी हे रकाने भरायचे नव्हते. तरी कित्येकींनी भरले. नंतर त्यावर रेघ मारली गेली, पण खालचे आकडे आजही वाचता येतात. कोणता रकाना आपला नाही, हे त्या बायकांना समजलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि वयांची गंमत बघा. १९०१मध्ये छप्पन्न वर्षांचा माणूस १९११मध्ये बहात्तरचा होतो. असे नमुने ढिगानं सापडतात. कारण जानेवारी १९०९मध्ये सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झालं. पण सत्तरी सिद्ध कशी करायची? जन्मनोंद तर १८६४ नंतरची! कोणी सांगे, १८३९च्या जानेवारीतलं ते मोठं वादळ मला आठवतंय. ज्याला वादळ आठवतं तो सत्तरीचा, असा हिशोब.

वादळावर भागलं नाही तर अर्ज डब्लिनला जाई. अर्जात आई-वडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, १८४१ किंवा १८५१ला घर कोणत्या टाउनलँडमध्ये होतं ते. दप्तरखान्यातला कारकून जनगणनेचं बाड काढून ते कुटुंब शोधायचा, आणि मूल सापडलं तर त्याचं तेव्हाचं वय टिपून ठेवायचा. पुढं ती बाडं जळाली. शोधाचे अर्ज मात्र उरले. जळालेल्या जनगणनेतली कितीतरी घरं आज फक्त या अर्जांवर सापडतात, तीही पाच शिलिंगांच्या आशेनं कोणीतरी विचारणा केली म्हणून.

(दृश्य: खेड्यातलं चर्च. जुन्या वहीचं पान, शाई फिकट.)

चर्चच्या वह्यांचं तर नशीबच उलटं. सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चच्या नोंदी सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनला मागवल्या होत्या. ज्या पाठवल्या त्या बहुतेक जळाल्या; ज्या गावातच राहिल्या त्या वाचल्या. कॅथलिक वह्या कधी गेल्याच नाहीत. त्या धर्मगुरूच्या कपाटात राहिल्या, पुढं राष्ट्रीय ग्रंथालयानं त्यांच्या मायक्रोफिल्म केल्या आणि २०१५मध्ये त्या सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. पुष्कळ नोंदी लॅटिनमध्ये आहेत. घरातला जेम्स तिथं जाकोबुस. लॅटिन नसलं तरी गोंधळ टळत नाही: जेरेमाया, डार्बी आणि डिअरमुड ही एकाच माणसाची तीन नावं असू शकतात.

(दृश्य: ग्रिफिथचा नकाशा. शेतांवर लाल आकडे.)

१८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली देशभरातल्या जमिनींची आणि घरांची करासाठी मोजणी झाली. कूळ कोण, खंड कोणाला, क्षेत्र किती, आकारणी किती. एकाच टाउनलँडमध्ये दोन पॅट्रिक मर्फी आले की शेजारी कंसात बापाचं नाव: पॅट्रिक मर्फी (जेम्स). आपल्या मधल्या नावासारखंच. बायको-मुलांचा पत्ता नाही. त्यांच्यावर कर नव्हता. उलट १८६६पासून कुत्र्याला परवाना लागला, तेव्हा मालकाच्या नावाशेजारी कुत्र्याचा रंगसुद्धा नोंदला गेला.

ग्रिफिथनंतर फेरफाराच्या वह्या सुरू झाल्या. जुन्या नावावर रेघ, वर नवं नाव, बदलाच्या फेरीनुसार शाईचा रंग वेगळा. काळ्या शाईतला जेम्स खोडून लाल शाईत पॅट्रिक येतो. बाजूला साल. तेवढ्यावरून जेम्सच्या मृत्यूची नोंद कोणत्या दोन-तीन वर्षांत शोधायची ते कळतं. पॅट्रिकवर निळी रेघ, वर एखादी ब्रिजेट. बहुधा त्याची विधवा. मग हिरव्या शाईत शेजाऱ्याचं नाव, आणि घराच्या आकारणीचा आकडा खोडलेला.

(दृश्य: त्याच आकड्याचं शेत, आज. छप्पर नसलेल्या चार भिंती, चुलीच्या जागी चिडवणाची खाजरी पानं. गायी चरताहेत.)