जखमेनंतरचे पहिले दोन दिवस

ओहोटीला खडपात कालवं काढताना पाय घसरतो आणि कालवाच्या धारेनं तळवा कापतो. संध्याकाळपर्यंत पाऊल लाल, गरम, ठणकणारं; रात्री अंगात कणकण. मालवणपासून हर्णैपर्यंत हे कुणालाच नवं नाही. या काही तासांत त्या पावलात कोणत्या पेशीनं कुणाला काय कळवलं, ते आज बघू.

पहिल्या काही मिनिटांची लाली मुख्यतः हिस्टामीन या रसायनाची. कातडीतल्या मास्ट पेशींत ते आधीच भरून ठेवलेलं असतं. सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात ती प्रथिनं, मात्र बहुतांशी गरज पडल्यावर बनतात. कातडीखालच्या मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी जंतूंचे घटक ओळखतात, त्यांच्यातलं एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि तास-दीड तासात टीएनएफ हे सायटोकाइन बाहेर पडू लागतं. इंटरल्यूकिन-१ बीटा हे दुसरं सायटोकाइन तर आधी निष्क्रिय बनतं. कॅस्पेज-१ या विकरानं कापल्यावरच ते कामाला लागतं. इतका बंदोबस्त लागतो, कारण हे रसायन अगदी थोडं असलं तरी ताप आणतं.

टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा या दोघांमुळे जवळच्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चिकट होतं. रक्तात वाहणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे अडखळतात, थांबतात आणि त्यांना बोलावणाऱ्या इंटरल्यूकिन-८ च्या मागावर भिंतीतून बाहेर पडतात. पहिल्या दिवशी जखमेत त्यांचीच गर्दी असते. दुसऱ्या दिवसापासून मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात.

इंटरल्यूकिन-६ हे आणखी एक सायटोकाइन रक्तातून यकृतापर्यंत पोचतं आणि यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवू लागतं. ते रक्तात वाढायला साधारण ६ तास लागतात आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस. म्हणून ताप भरल्या भरल्या केलेली सीआरपी तपासणी नॉर्मल आली तरी निर्धास्त होऊ नका. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो तो प्रोस्टाग्लॅंडिन हे ताप चढवणारं रसायन कमी झाल्यामुळे. सायटोकाइन तसेच राहतात, जंतूही तसेच. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याच्या पायाची सूज खाऱ्या पाण्यातल्या जखमेनंतर तासातासाला वर चढत असेल, फोड येत असतील, तर ताप उतरला तरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

दाह आवरण्याची सोयही शरीरातच असते. मॅक्रोफेज थोड्या उशिरानं इंटरल्यूकिन-१० सोडतात, त्यानं टीएनएफचं उत्पादन दबतं. शिवाय इंटरल्यूकिन-१ ची जागा अडवणारं वेगळं प्रथिनही तयार होतं. हा लगाम सुटला आणि टीएनएफ रक्तभर पसरलं, की वाहिन्या सैलावतात, गळतात, रक्तदाब कोसळतो; हाच शॉक. १९९० च्या दशकात अशा रुग्णांना टीएनएफरोधक प्रतिपिंडं देऊन पाहिली, पण अपेक्षित फायदा झाला नाही. शॉक दिसेपर्यंत टीएनएफची लाट बहुधा ओसरलेली असते, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. आमवातात तीच औषधं गुण देतात, कारण तिथे टीएनएफ महिनोन्‌महिने पाझरत राहतं. मात्र त्याच औषधांनी दबलेला क्षय उठू शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी हवीच.

भातलावणीच्या दिवसांतल्या लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापाबद्दल) एक गोष्ट घरी जाऊन जरूर सांगा. प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसानंतर काही तासांत एखाद्याला हुडहुडी भरते, ताप चढतो, रक्तदाब उतरतो. मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांनी सायटोकाइन एकदम उसळतात, म्हणून हे घडतं. औषध लागू पडलं नाही असं समजून ते बंद करू नका. डॉक्टरांना कळवा, रुग्णाला देखरेखीखाली ठेवा आणि पुढचा डोस वेळेवर द्या.