सावलीला लागलेल्या गोळ्या

(दृश्य: रात्र, चढाचा रस्ता, पायऱ्या. पट्टा हातात धरलेला माणूस, पुढे कुत्रा.)

सॅन फ्रान्सिस्को शहर, रात्रीची वेळ. फ्रँक जॉन्सन कुत्र्याला फिरवायला बाहेर पडलाय. कुत्र्याचं नाव रेम्ब्रांट, जुन्या डच चित्रकाराचं, कारण मालक चित्रकार आहे. फारसा न चाललेला चित्रकार. त्याच्या डोळ्यांदेखत एक खून होतो. खुनी त्याच्यावरही गोळ्या झाडतो, पण त्या लागतात फ्रँकच्या सावलीला. पोलीस येतात, साक्ष द्यावी लागेल असं सांगतात. फ्रँक सगळं ऐकून घेतो आणि त्यांचं लक्ष नाही असं पाहून अंधारात नाहीसा होतो.

'वुमन ऑन द रन'. साल १९५०, लांबी ७७ मिनिटं, दिग्दर्शक नॉर्मन फॉस्टर. नाव वाचून वाटतं बाई पळतेय. पळतोय खरं तर नवरा, आणि बाई त्याला शोधतेय.

ही बाई म्हणजे एलिनोर, अ‍ॅन शेरिडनने उभी केलेली. नवरा-बायकोचं फाटलेलं आहे. पोलीस विचारतात, नवरा कुठे जाईल, त्याचे मित्र कोण, आणि हिला धड सांगता येत नाही. तिच्या बोलण्यात कडवट विनोद आहे. ती रडत बसत नाही, टोमणे मारते. मग कळतं, फ्रँकला हृदयाचा विकार आहे, त्याला औषध पोहोचवायला हवं, आणि हे तिला डॉक्टरकडून कळतंय. आजार लपवला त्याने, पण विचारलं नाही तिने.

या सिनेमाचे चाहते ज्या जागेवर हमखास थांबतात ती पुढे येते. फ्रँक दुकानाच्या काचेआडची सजावट करायचा. एलिनोर तिथे जाते तर कपडे घालून उभ्या केलेल्या पुतळ्यांना तिचाच चेहरा. नवऱ्याने रोज कामावर जाऊन बायकोचा चेहरा घडवला आणि घरी चकार शब्द काढला नाही. खून कोणी केला या रहस्याच्या पोटात दुसरं रहस्य आहे, आपण ज्याच्याबरोबर राहतो तो माणूस कोण. पन्नासच्या आसपासच्या अमेरिकी रहस्यपटांत बायका बहुतेक वेळा जाळं टाकणाऱ्या तरी असतात, नाही तर वाचवून घेणाऱ्या. इथे लग्न झालेली, कंटाळलेली बाई तपास करते. हा सिनेमा एवढी वर्षं दुर्लक्षित राहिला याचं नवल वाटतं ते यामुळे.

खुनी कोण हे प्रेक्षकाला शेवटाच्या बरंच आधी दाखवलं जातं, एलिनोरला मात्र कळत नाही. काहींना ही चूक वाटते. आम्हाला नाही वाटत. तिथपर्यंत आपण कोडं सोडवत असतो, त्यानंतर तिची काळजी करायला लागतो. नाव इथे सांगत नाही.

(दृश्य: उन्हातले रस्ते, मग एकदम रात्र.)

छायालेखक हॅल मोर. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचाच. १९३५ सालच्या चित्रपटांसाठीच्या ऑस्करमध्ये नामांकनांच्या यादीत याचं नावच नव्हतं, मतदारांनी ते मतपत्रिकेवर हाताने लिहिलं आणि तो जिंकला. हाताने लिहून आलेल्या नावाला ऑस्कर मिळाल्याचं हे एकमेव उदाहरण. 'वुमन ऑन द रन'मध्ये त्याचे काळे रंग सपाट नाहीत. अंधारात कोट दिसतो, कोटाच्या मागे भिंत दिसते, भिंतीवर सावली. काळ्याच्या तीन-चार पायऱ्या आहेत.

आणि नेमक्या याच पायऱ्या अनेक वर्षं कुणाला दिसल्या नाहीत.

त्या काळी अमेरिकेत कलाकृतीचे हक्क २८ वर्षांनी नव्याने नोंदवावे लागत. नोंदवले नाहीत तर कलाकृती सगळ्यांची. हा सिनेमा तसाच मोकळा झाला, आणि मोकळ्या सिनेमाच्या डीव्हीडी कुणीही काढतं. हातात येईल ती प्रिंट घ्यायची, बहुधा टीव्हीसाठी काढलेली, १६ मिलिमीटर रुंद फिल्मवरची, आणि तिची नक्कल मारायची. थिएटरच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट, म्हणजे एक चित्र, १६ मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे साडेचारपट मोठी असते. तपशील तिथेच गळतो.

पण खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. रीतसर पद्धत अशी: मूळ निगेटिव्हवरून, म्हणजे उजेड-अंधार उलटे असलेल्या फिल्मवरून, बारीक कणांची, मुद्दाम फिकट ठेवलेली पॉझिटिव्ह (सुलट चित्राची फिल्म) काढायची. तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यावरून थिएटरच्या प्रिंट. मधल्या टप्प्यांत फिकेपणा राखतात, कारण प्रत्येक नकलेत उजेड-अंधारातला फरक वाढत जातो. थिएटरची प्रिंट मात्र पडद्यासाठी बनवलेली, आधीच ठसठशीत. तिचीच नक्कल काढली की ठसठशीतपणावर ठसठशीतपणा चढतो. चेहरे पांढरेफटक पडतात, सावल्या मिटून जातात. दिवसाउजेडी घडणारा विनोदी सिनेमा हे सोसतो. अर्धी गोष्ट अंधारात ठेवणारा सोसत नाही. कोट, भिंत आणि सावली यांचा मिळून एक डाग होतो, आणि माणसं म्हणतात, जुना सिनेमा, असाच दिसणार.

(दृश्य: थिएटरमधली प्रोजेक्टरची खोली.)

अशा अंधाऱ्या अमेरिकी गुन्हेपटांना 'नॉयर' म्हणतात. २००३ साली त्यांचे अभ्यासक एडी मुलर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'नॉयर सिटी' हा महोत्सव सुरू केला आणि त्यात ३५ मिलिमीटरची प्रिंट दाखवली. ती युनिव्हर्सल स्टुडिओकडून मिळाली होती. इतक्या वर्षांनी लोकांनी हा सिनेमा नीट पाहिला तो तेव्हा. ७७ मिनिटांचा सिनेमा, मिनिटाला ९० फूट फिल्म, म्हणजे साधारण ६,९०० फूट. दोन-दोन हजार फुटांची चार रिळं. अमेरिकेत माहीत असलेली या सिनेमाची प्रिंट एवढी एकच.

१ जून २००८. युनिव्हर्सलच्या आवारात चित्रीकरणासाठी उभारलेल्या न्यूयॉर्कच्या खोट्या रस्त्यावर छताचं काम चाललं होतं. डांबरी पत्रे बसवताना ते ज्योतीने तापवले होते. काम आटोपल्यावर नियमाप्रमाणे कामगार तासभर थांबले, काही पेटत नाही ना ते पाहिलं आणि गेले. त्यानंतर आग लागली. जवळच्या गोदामातल्या प्रिंट जळाल्या, त्यांत ही पण होती.

आगीआधी तिची एक व्हिडिओ नक्कल करून ठेवलेली होती, तेवढी उरली. व्हिडिओवरून सिनेमा पाहता येतो, पण मोठ्या पडद्यासाठी तो पुन्हा उभा करायला फिल्म लागते. ती सापडली लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे. जुन्या प्रिंटपेक्षा हे साहित्य कामाचं, कारण ते नकला काढण्यासाठीच जपलेलं होतं. मघाचा हिशेब आठवा: प्रिंटच्या आधीचा टप्पा हाती आला की काळ्याच्या पायऱ्या परत मिळतात.

असे सिनेमे जपणारी फिल्म नॉयर फाउंडेशन ही संस्था आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा चित्रपट संग्रह यांनी मिळून काम पूर्ण केलं. जानेवारी २०१५ मध्ये कॅस्ट्रो थिएटरमध्ये, म्हणजे कथेच्याच शहरात, नवी प्रिंट लागली. २०१६ साली फ्लिकर अ‍ॅली या कंपनीने ब्ल्यू-रे काढली.

(दृश्य: दोन प्रती शेजारी शेजारी.)

तुमच्यापुढे आलेली प्रत कुठली, हे दहा मिनिटांत ओळखता येतं. आधी लांबी बघा. ७७ऐवजी ७४ मिनिटं निघाली तर लगेच काटछाट समजू नका. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा २५ने पळवला की तीन मिनिटं कमी होतात आणि आवाजही किंचित चढा लागतो. मग उजव्या वरच्या कोपऱ्यात नजर ठेवा. रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी एक गोल ठिपका येतो, सेकंदभर आधी दुसरा. दोन प्रोजेक्टर आलटून-पालटून चालवणाऱ्याला तो इशारा. ठिपके दिसले तर नक्कल थिएटरच्या प्रिंटवरून आलेली असण्याची शक्यता फार.

तिसरी खूण कानाने पकडायची. चित्र मध्येच उडी मारतं आणि जवळपास पाऊण सेकंदाने आवाज ठेचकाळतो? तिथे फिल्म तुटून जोडलेली आहे. ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाज चित्राच्या २० चौकटी पुढे छापलेला असतो, त्यामुळे जोड चित्रासमोरून आधी जातो, आवाज वाचणाऱ्या दिव्यासमोरून नंतर. चित्र आणि आवाज एकाच क्षणी तुटले तर ते संकलकाचं काम असू शकतं.

टीव्हीवर पाहताना चौकट ताणू नका. चित्र १.३७ला १ या प्रमाणात आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर १९५० सालची माणसं दैनिक मालिकेतल्यासारखी चालतात. खोली अंधारी ठेवा आणि उजेड वाढवायचा मोह आवरा. काळं करडं झालं की हॅल मोरची मेहनत वाया.

(दृश्य: समुद्रकिनारा, जत्रा, रोलर कोस्टर.)

शेवट किनाऱ्यावरच्या करमणूक बागेत आहे. कथेत ही जागा सॅन फ्रान्सिस्कोची, चित्रीकरण मात्र जवळपास सहाशे किलोमीटर दक्षिणेला, सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर झालंय. सॅन फ्रान्सिस्कोची किनाऱ्यावरची करमणूक बाग, प्लेलँड, १९७२ साली बंद झाली, त्यामुळे तिथे जाऊन पाळण्याचे खांब शोधणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

एलिनोर रोलर कोस्टरच्या डब्यात अडकलेली आहे. तिला उतरता येत नाही, थांबवता येत नाही. ज्याला सावध करायचं तो खाली अंधारात आहे. डबा चढतो तेव्हा तिला सगळं दिसतं, उतरतो तेव्हा फक्त ओरडता येतं. जुन्या नकलांमध्ये इथे तिचा पांढरा चेहरा आणि बाकी काळं एवढंच उरलं होतं. नव्या प्रतीत तिच्या मागचे लाकडी खांब मोजता येतात.

पहिल्यांदा पाहताना नजर एलिनोरवरच राहते. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा ती एकटी किती वेळा असते, ते मोजून पाहा.